आसूड हवेत वाजावा

आपल्या बोलण्यात आसूड फार. कुणी कडक टीका केली, की 'त्यांनी शब्दांचे आसूड ओढले' असे आपण म्हणतो. त्याहून जोरात सांगायचे असेल तर 'कोरडे ओढले' म्हणतो. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगणारे पुस्तक १८८३ साली लिहिले, त्याचेही नाव 'शेतकऱ्याचा असूड'. म्हणजे भाषेतला आसूड नेहमी कुणाच्या तरी पाठीवर पडतो. मी आज ज्या आसुडाबद्दल बोलणार आहे तो साधा, जत्रेत घेतलेला, स्वस्तातला आहे. आणि तो कुणाच्याही पाठीवर पडू नये म्हणून मी दुरुस्त करून घेतला आहे.

मी मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याचा. कल्याणहून माळशेजकडे निघालात आणि मुरबाड मागे पडले, की पुढे आमचे गाव लागते. त्याच्यापुढे वैशाखरे, नाणेघाटाची वाट आणि मग माळशेजचा घाट. नोकरीनिमित्त माझी वीस वर्षे कल्याणात गेली. वडिलांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा गावी परतलो. घरची भातशेती होती, दारात बैलांची एक जोडी होती, आणि मला गाडी हाकता येत नव्हती. चाळिशीचा माणूस कासरा हातात धरून बैलाकडे बघतो आणि बैल त्याच्याकडे बघतो, तेव्हा दोघांपैकी जास्त कोणाला कळते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आजोबांच्या वेळचा आसूड माळ्यावर होता. पण त्याची वादी उंदरांनी खाल्लेली. म्हणून म्हशाला गेलो. म्हसा हे मुरबाडहून कर्जतच्या रस्त्यावरचे गाव. पौष पौर्णिमेपासून तिथे खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते आणि यात्रेबरोबर गुरांचा बाजार. घुंगरमाळा, वेसणी, कासरे, रंगीत गोंडे, घोंगड्या, सगळे तिथे मिळते. एका दुकानात काळाभोर, चकचकीत, साप लोंबकळावा तसा आसूड टांगला होता. किंमत चारशे सांगितली, घासाघीस करून अडीचशेला मिळाला. मी रूप बघून घेतला. तिथेच पहिली चूक झाली.

घरी येऊन वाजवून बघितला, तर आवाजच नाही. 'फस्स' असा वारा कापल्यासारखा आवाज यायचा आणि दोरी पायात पडायची. मला वाटले, आपला जोर कमी पडतो. दुसऱ्या दिवशी शेणखताची गाडी भरली होती. बांधाच्या चढावर बैल थांबले. मी आसूड फिरवला, वाजला नाही. आणखी जोरात फिरवला, तरी वाजला नाही. तिसऱ्या वेळी सगळा राग खांद्यात आणून फिरवला आणि तो थेट पवळ्याच्या पाठीवर बसला. बैल थरथरला, मान खाली घातली आणि गाडी ओढून नेली. गाडी तर चढली. पण संध्याकाळी पवळ्याच्या पाठीवर बोटभर जाडीचा वळ उठला होता.

वडील काही बोलले नाहीत. तेलात हळद कालवून त्यांनी ती वळावर लावली. मग माझा आसूड हातात घेतला, अंगठा आणि बोटांनी मुठीपासून टोकापर्यंत चाचपून बघितला आणि एवढेच म्हणाले, "हा बोलत नाही, म्हणून तू मारतोस."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आसूड आहे तो आवाजासाठी. जो वाजतो त्याने मारावे लागत नाही. जो वाजत नाही, तो घेणारा माणूस कितीही दयाळू असो, चिडून शेवटी त्याची काठी करतो. म्हणजे वाईट बनवलेल्या स्वस्त आसुडाची खरी किंमत बैल मोजतो.

आता आसूड वाजतो कसा, ते थोडे समजून घेऊ. पुष्कळांना वाटते, की दोरीवर दोरी आपटते किंवा टोक जमिनीवर आपटते म्हणून आवाज येतो. तसे नाही. चांगला आसूड हवेतच वाजतो. मुठीला आपण गती दिली आणि हात थांबवला, की वादीत एक वळसा तयार होतो आणि तो टोकाकडे धावत सुटतो. मुठीजवळ आसूड जाड आणि जड असतो, टोकाला बारीक आणि हलका. हाताने दिलेली शक्ती पुढे पुढे कमी वजनात भरत जाते, म्हणून वेग वाढत जातो. शेवटी टोकाचा वेग आवाजाच्या वेगाहून जास्त होतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्याच्या पुढे कोणतीही वस्तू गेली, की हवेत धक्क्याची लाट उठते. तोफगोळ्याच्या किंवा लढाऊ विमानाच्या बाबतीत घडते तेच इथे घडते. १९५८ साली अमेरिकेत आसुडाच्या गतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. २००२ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या दोन गणितज्ञांनी दाखवले, की हा आवाज वादीतल्या धावत्या वळशातून उठतो. आमच्या गाडीवानांना हे गणित ठाऊक नव्हते. पण वळसा कुठे अडतो, हे त्यांच्या बोटांना कळत होते. माझ्या वडिलांनी आसूड चाचपून बघितला, तो याच कारणासाठी.

हे ध्यानात आले, की स्वस्तातला आसूड का मुका असतो ते उलगडते. वळसा सुरळीत धावायचा तर मुठीपासून टोकापर्यंत जाडी हळूहळू, एकसारखी कमी व्हायला हवी. माझ्या आसुडात ती मध्येच कमी, पुन्हा जास्त, मग एकदम बारीक होती. मुठीचे लाकूड संपते आणि विणीव वादी सुरू होते, तो सांधा ढिला होता. तिथे आसूड बिजागरीसारखा मोडायचा आणि हाताचा जोर तिथेच जिरायचा. पोटात चामड्याऐवजी चिंध्या भरल्या होत्या. कातडे कोरडे, वर काळ्या रंगाचा थर. आणि टोकाला प्लास्टिकची ताठ पट्टी.

म्हणून ज्यांना पहिल्यांदा आसूड घ्यायचा आहे, त्यांना चार गोष्टी सांगतो. एक, मूठ हातात आडवी धरा आणि वादी लोंबू द्या. ती फांदीसारखी गोलाईने वाकली पाहिजे. मुठीपाशी मोडल्यासारखी पडली, तर सांधा ढिला आहे. दोन, डोळे मिटून बोटांनी चाचपा. कुठे गाठ, कुठे पोकळी, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. तीन, ओले बोट किंवा ओला रुमाल घासून बघा. रंग हाताला लागला किंवा वाकवल्यावर वरचा थर भेगाळला, तर कातडे हलके आहे आणि रंगाने झाकले आहे. चार, लांबी आपल्या उंचीच्या आसपास घ्या. फार आखूड आसूड चटकन अंगावर परततो, फार लांब नवशिक्याच्या हाताला आवरत नाही. या चारांत तीन गोष्टी ठीक असल्या, तर स्वस्त आसूड घ्यायला हरकत नाही. सांधा, टोक आणि कातड्याचा कोरडेपणा सुधारता येतो. पोकळ, वेडीवाकडी वीण मात्र घरी सुधारत नाही.

माझ्या आसुडाची वीण बरी होती. पोटातल्या चिंध्या होत्या तशाच राहिल्या; बाकीचे सुधारायला मी मुरबाडच्या बाजारात चप्पल शिवणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आसूड बघितला आणि हसले. म्हणाले, "दादा, ही सगळी पॉलिशची कमाल आहे. आधी याला आंघोळ घाला."

आंघोळ म्हणजे पाण्यात बुडवणे नव्हे. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने रंग आणि धूळ पुसायची आणि आसूड सावलीत वाळवायचा. उन्हात किंवा चुलीजवळ तापवला, तर कातडे आक्रसते आणि तडकते. पुरता वाळला, की तेल. तेलातही निवड आहे. जवसाचे तेल वाळून कडक होते, म्हणून ते रंगात वापरतात, कातड्याला नको. खोबरेल थंडीत गोठते. काकांनी एरंडेल सांगितले. त्यात थोडे मधमाशीचे मेण मंद आचेवर विरघळवून, कोमट असताना बोटाने चोळायचे. एका वेळी अगदी थोडे. दुसऱ्या दिवशी कातड्याने ते पिऊन टाकले असेल, तर पुन्हा थोडे. हौसेने भरपूर तेल पाजले, तर आसूड मऊ पडतो, ओल्या फडक्यासारखा लोळतो आणि वळसा धरत नाही. शिवाय उंदरांना आमंत्रण. आजोबांच्या आसुडाचे काय झाले, ते मला तेव्हा समजले.

तेल मुरल्यावर आसूड दोन फळ्यांमध्ये ठेवून लाटायचा. खाली एक सपाट फळी, वर दुसरी, आणि पोळी लाटावी तसे पुढे-मागे. यामुळे विणीचे पदर जागेवर बसतात आणि चपटी वादी गोल होते. मी घरचा पाट घेतला होता. पाटाला एरंडेलाचा वास लागला, त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागले, ते या भाषणात बसणार नाही.

मग सांधा. काकांनी आरीने दोन भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने मूठ आणि वादी एकत्र शिवली. त्यावर ओल्या कच्च्या कातड्याची पातळ पट्टी घट्ट गुंडाळली. कच्चे कातडे वाळताना आवळते. त्यामुळे सांधा लोखंडी कडी घातल्यासारखा पक्का झाला. ही पट्टी त्यांनी मुठीवरून चार बोटे पुढे वादीवर नेली. त्याचा फायदा असा, की ताठ मुठीतून एकदम मऊ वादीत न जाता मध्ये अर्धवट ताठ भाग आला. वळसा आता तिथे अडत नाही.

शेवटी टोक. प्लास्टिकची पट्टी काढून त्यांनी रापीने कापलेली एकपदरी, लवचीक वादी जोडली. लांबी सुमारे दोन फूट, सुरुवातीला करंगळीच्या निम्म्या रुंदीची आणि शेवटी त्याहून अरुंद. तिच्या टोकाला वीतभर वळलेला दोरा. हा दोरा घरी करता येतो. मजबूत दोरा दुमडायचा, समईची वात वळतो तसा पीळ द्यायचा, पुन्हा दुमडायचा, की तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळतो. टोकाला गाठ आणि गाठीपुढे अर्धा इंच सुटे धागे. सगळा मार हा दोराच खातो. तो झिजतो, तुटतो; तो बदलायचाच असतो. दोरा न लावता आसूड वाजवला, तर वादी फाटत येते. काकांनी मजुरी घेतली दीडशे रुपये. म्हणजे अडीचशेचा आसूड चारशेला पडला. दुकानदाराने पहिल्यांदा सांगितलेली किंमत अखेर अशी खरी ठरली.

काका काम करता करता सांगत होते, की पूर्वी कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले असायचे; त्याला तेल पाजले, की ते वर्षानुवर्षे टिकायचे. हिरडा म्हटल्यावर मी चमकलो. आमच्या घाटाच्या रानात हिरड्याची झाडे आहेत आणि आदिवासी कुटुंबे तो गोळा करून विकतात. आपण हिरडा औषधाचा म्हणून ओळखतो. पण कातडे कमावायलाही त्याला फार मोठी मागणी होती. आमच्याच डोंगरातली वस्तू आमच्या आसुडाच्या पोटात असायची आणि मला ते माहीत नव्हते.

आसूड सुधारला, आता हात सुधारायचा होता. इथे एक कळकळीची सूचना. नवशिक्याचा आसूड पहिल्यांदा स्वतःलाच लागतो, आणि लागतो तो कानाला, गालाला, डोळ्याला. ध्वनीच्या वेगाने जाणारे टोक डोळ्याला लागले, तर पुढे बोलायला काही उरत नाही. म्हणून मी भात काढल्यावर मोकळ्या पडलेल्या खाचरात, बैलांपासून आणि माणसांपासून दूर, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि मोटारसायकलचे हेल्मेट काच खाली ओढून उभा राहायचो. बांधावर पोरे जमायची. कुणीतरी ओरडायचे, "काका, गाडी कुठे ठेवली?" हसू द्यावे. पोरांनाही वीस पावले लांब बसवावे.

पद्धत सोपी आहे. आसूड पाठीमागे जमिनीवर सरळ पसरायचा. हात सावकाश डोक्याच्या वर आणायचा, समोर टाकायचा आणि खांद्याच्या उंचीला थांबवायचा. सगळी कला त्या थांबवण्यात आहे. मी जोर लावत होतो तोवर आसूड मुका राहिला. चौथ्या दिवशी दमून, हलक्या हाताने टाकला आणि फटाका वाजावा तसा 'फट्' असा आवाज आला. मीच दचकलो. गोठ्याजवळ बसलेल्या वडिलांनी नुसती मान हलवली.

पंधरा दिवसांनी बैलांजवळ गेलो. आधी दूरवर वाजवून त्यांना आवाजाची सवय केली. इथेही थोडी माहिती कामाची आहे. गाईबैलांना आपल्याहून बारीक आवाज ऐकू येतात. माणसाचा कान साधारण २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, गुरांचा ३५ हजारांपर्यंत. म्हणून त्यांच्यासाठी कानठळ्या बसवणारा आवाज करायची गरज नाही. त्यांच्या कानाजवळ तर कधीच वाजवू नये. बैलाला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे दिसते. पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. गाडीवान नेमका तिथेच बसतो. म्हणजे आसुडाचा आवाज ही न दिसणाऱ्या गाडीवानाची हाक आहे. डाव्या अंगाला दूर वाजवला, की बैल उजवीकडे सरकतो. आठवडाभराने वाजवायचीही गरज उरली नाही. आसूड नुसता उचलला, तरी पवळ्याचा कान मागे वळायचा.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यांत टोकदार खिळा लावलेल्या काठीला, म्हणजे आपल्या आर लावलेल्या पराणीला, मनाई आहे. बैलगाडा शर्यतींचा वाद आपण सर्वांनी पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीत बैलाला काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देऊन पळवायला मनाई आहे. शर्यतीचे समर्थक आणि विरोधक यांचे पटो न पटो, एवढ्या एका मुद्द्यावर चांगला गाडीवान दोघांच्याही बाजूने उभा राहील.

कुणी म्हणेल, आता पॉवर टिलर आले, बैलजोड्या कमी झाल्या, मग आसुडाचे कौतुक कशाला? खरे आहे. आमच्या आळीतही आता दोनच जोड्या उरल्या आहेत. पण ज्याच्या दारात बैल आहे, त्याने तरी बिघडलेल्या हत्याराचा राग जनावरावर काढू नये. हत्यार आधी बघावे. मग आपला हात बघावा. जनावराकडे बोट दाखवण्याची वेळ सहसा येत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे कातड्याला बुरशी धरते. म्हणून मिरग लागायच्या आधी आसूड पुसून, बोटभर एरंडेल लावून, वळसे देऊन, हवेशीर जागी उंदरांच्या आवाक्याबाहेर टांगतो. आडव्या खुंटीवर घडी घालून टांगू नये, घडीवर कातडे तुटते. गेल्या चार वर्षांत टोकाचा दोरा मी किती वेळा बदलला ते मोजलेले नाही.

पवळ्या आता म्हातारा झाला आहे, गाडीला जुंपत नाही. पाठीवरचा वळ केव्हाच गेला. तिथे केस मात्र जरा पांढरे उगवले. खरारा करताना हात तिथे जातो. वडील गोठ्यात असले, तर ते दुसरीकडे बघतात.